शिकलेल्यांचे स्थलांतर आणि न्यूनरोजगार : भोर-वेल्ह्याच्या संदर्भात एक प्रस्तावना

शिकलेल्या माणसाला काम न मिळणे आणि शिकलेल्या माणसाला त्याच्या शिक्षणाशी संबंध नसलेले, कमी मोबदल्याचे आणि भरवसा नसलेले काम मिळणे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याची दखल सरकार, वृत्तपत्रे आणि निवडणुकीची भाषणे घेतात, कारण बेकार माणूस बेकार म्हणून मोजला जातो. दुसरा प्रश्न मात्र मोजणीतूनच निसटतो, कारण असा माणूस कामावर असतो, महिन्याला काही पैसे घरी पाठवतो आणि सरकारी तक्त्यात रोजगार मिळालेल्यांच्या रकान्यात जाऊन बसतो. पुणे जिल्ह्याच्या नैऋत्य टोकाला सह्याद्रीच्या कुशीत असलेल्या भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतून पुण्याकडे, मुंबईकडे आणि महामार्गावरील कारखान्यांकडे जाणाऱ्या पदवीधर तरुण-तरुणींचा प्रश्न प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याचे स्वरूप, त्याची कारणे आणि त्याची आर्थिक किंमत नेमकी कोण मोजतो, याची प्राथमिक मांडणी करणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

अर्थशास्त्रात या स्थितीला न्यूनरोजगार म्हणतात आणि तिचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. अधिक तास काम करण्याची इच्छा आणि तयारी असूनही पुरेसे तास काम न मिळणे हा वेळेचा न्यूनरोजगार होय. तर पूर्ण वेळ काम असूनही त्या कामात माणसाचे शिक्षण, कौशल्य किंवा अनुभव वापरात न येणे हा कौशल्याचा न्यूनरोजगार होय. श्रमविषयक आकडेवारी गोळा करणाऱ्या तज्ज्ञांच्या १९९८ मधील सोळाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पहिल्या प्रकाराची मोजता येण्याजोगी व्याख्या ठरवली, दुसऱ्या प्रकाराचा समावेश मात्र अपुऱ्या रोजगाराच्या व्यापक सदरात केला, आणि तेव्हापासून बहुतेक देशांच्या आकडेवारीत दुसऱ्या प्रकाराची नोंद पहिल्याइतकी काटेकोर राहिलेली नाही. शेतीच्या संदर्भात ज्याला प्रच्छन्न बेकारी म्हणतात, म्हणजे एका खाचरावर दोघांचे काम चौघांनी करणे, तिच्याहून ही स्थिती वेगळी आहे. प्रच्छन्न बेकारीत श्रम जादा असतात, तर येथे शिक्षण जादा ठरते, आणि तेही समाजाला शिक्षणाची गरज नसल्यामुळे नव्हे, तर शिक्षण आणि काम यांना जोडणारी व्यवस्था अपुरी असल्यामुळे.

हा प्रश्न या दोन तालुक्यांच्या भूगोलापासून वेगळा काढता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्हे तालुक्याची सुमारे साडेचोपन्न हजार होती. २००१ ते २०११ या दशकात पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेली, वेल्ह्याची मात्र वाढण्याऐवजी किंचित घटली. ज्या वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली, तो तालुका तोरणा आणि राजगड या किल्ल्यांमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे राजधानीचे गाव होते आणि ते संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. गुंजण मावळ, हिरडस मावळ, कानद खोरे, मोसे खोरे, वेळवंड खोरे, हिर्डोशी आणि वीसगाव खोरे अशा दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या गावांमध्ये पावसाळ्यात भात, उतारावर नाचणी आणि वरई, आणि पावसानंतर जेमतेम कडधान्ये, असा शेतीचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

पावसाचा हा प्रदेश पाण्याने समृद्ध आहे, पण ते पाणी प्रामुख्याने इतरांच्या कामी येते. वेळवंडी नदीवर ब्रिटिश काळात बांधलेले भाटघर धरण आणि नीरा नदीवरील नीरा-देवघर धरण यांचे पाणी कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण आणि माळशिरसच्या शेतीला जाते. आंबी नदीवरील पानशेत आणि मोसे नदीवरील वरसगाव ही धरणे पुणे शहराची तहान भागवतात. या जलाशयांखाली नदीकाठची सुपीक जमीन गेली, अनेक गावे उठली आणि उरलेल्या वस्त्या डोंगरउतारावर सरकल्या. सिंचनाच्या आधारे नगदी पिके, त्यांवर प्रक्रिया उद्योग आणि त्या उद्योगांत शिकलेल्यांना लेखा, तंत्र, विपणन यांतली कामे, ही जी साखळी पूर्व पुणे जिल्ह्यात उभी राहिली, ती या खोऱ्यांत त्या प्रमाणात उभी राहू शकली नाही. शिकलेल्याला गाव सोडावे लागते याचे पहिले कारण येथे आहे, आणि ते कारण नैसर्गिक नसून सार्वजनिक निर्णयांतून घडलेले आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात सतत लक्षात ठेवावी लागते.

या तालुक्यांतले स्थलांतर नवे नाही. मुंबईच्या कापड गिरण्या, गोदी, मशीद बंदरचे बाजार आणि घाऊक भाजीपाल्याच्या पेठा येथे मावळ खोऱ्यांतील पुरुष कित्येक पिढ्या काम करत आले. गावकीच्या खोलीत वळकटी ठेवून राहायचे, गणपती-दिवाळीला आणि भातलावणीला गावी यायचे, ही त्या काळातील स्थलांतराची रीत होती. त्या स्थलांतरिताचे शिक्षण चौथी-सातवीपर्यंतचे असे, काम कष्टाचे असे आणि गिरणीत बदली कामगार म्हणून वर्षानुवर्षे ताटकळणारेही पुष्कळ असत. तथापि एकदा कायम झाल्यावर भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि आजारपणातील वैद्यकीय मदत यांचा आधार त्याला मिळे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ मध्ये झालेल्या माथाडी कायद्याने तर ओझी वाहणाऱ्या हमालालाही मंडळात नोंदणी, मालकांकडून वसूल होणारी लेव्ही आणि त्यातून मिळणारी सामाजिक सुरक्षा दिली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईतील हा आधार ढासळला, आणि पुढच्या पिढीची वाट हळूहळू मुंबईऐवजी पुण्याकडे वळली.

या दोन पिढ्यांची तुलना केल्यास विषयाचा गाभा हाती लागतो. आजोबा कमी शिकलेले होते आणि त्यांच्या कामाला शाश्वती होती. नातू पदवीधर आहे आणि त्याच्या कामाला शाश्वती नाही. शिक्षणाच्या अर्थशास्त्रात थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ मध्ये आणि गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या मानवी भांडवलाच्या सिद्धांतानुसार शिक्षणावरचा खर्च ही गुंतवणूक असते, कारण तिच्यातून माणसाची उत्पादकता आणि म्हणून त्याची मिळकत वाढते. भोर-वेल्ह्यातील कुटुंबांनी या सिद्धांताचे नाव न ऐकताही त्याच्यावर विश्वास ठेवला, मुलांना शाळेत आणि पुढे शहरात महाविद्यालयात पाठवले, प्रसंगी त्यासाठी कर्ज काढले किंवा जमीन विकली. त्या गुंतवणुकीचा अपेक्षित परतावा न येणे ही म्हणूनच केवळ व्यक्तीची निराशा नसते, तर एका पिढीच्या बचतीचा तोटा असतो.

शिक्षणाचा प्रसार मात्र खरोखर झाला आहे, आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. भोर शहरातील शाळा, राजगड ज्ञानपीठाचे अनंतराव थोपटे महाविद्यालय, धांगवडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालय आणि औद्योगिक प्रशिक्षणाच्या सोयी यांमुळे ज्या घरांत पूर्वी कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते त्या घरांत पदव्या आल्या. या स्थानिक विस्तारामागे राज्यव्यापी प्रक्रिया आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, त्यानंतर तंत्रशिक्षण आणि पुढे शिक्षकांच्या पदविका अभ्यासक्रमाची महाविद्यालये झपाट्याने वाढली, आणि जागा वाढत गेल्या त्या वेगाने त्या जागांमधून बाहेर पडणाऱ्यांसाठीची कामे वाढली नाहीत. शिक्षकी पेशाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली आणि नियमित वेतनश्रेणीऐवजी काही वर्षे अल्प मानधनावर काम करणे हा नोकरीचा प्रवेशद्वारावरचा नियम झाला. पुढे भरतीच दीर्घकाळ थांबली, आणि प्राथमिक शिक्षणसेवकाचे सहा हजार रुपयांचे मानधन सोळा हजारांवर जायला २०२३ उजाडले. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरते पैसे घेऊन, काम करणाऱ्या सेट-नेट आणि पीएच.डी. धारकांची स्थिती याहून वेगळी नाही. सर्वोच्च शैक्षणिक अर्हता आणि सर्वांत अनिश्चित मिळकत एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकत्र येतात, आणि सुट्टीच्या महिन्यांत ती मिळकतही थांबते.

मग हे शिकलेले स्थलांतरित करतात काय, हा प्रश्न येतो. भोर-वेल्ह्यातून बाहेर पडणाऱ्यांपुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली वाट पुणे-सातारा महामार्गावरील खेड शिवापूर, नसरापूर आणि शिरवळ परिसरातील कारखान्यांची, तसेच पुण्याच्या उत्तरेकडील चाकणची. तेथे कला किंवा वाणिज्य शाखेचा पदवीधर हेल्पर म्हणून आणि अभियांत्रिकीचा पदविकाधारक ट्रेनी किंवा ऑपरेटर म्हणून कंत्राटदारामार्फत लागतो. दुसरी वाट शहरातील सेवांची, म्हणजे सुरक्षारक्षक, मॉलमधील विक्रेता, घरपोच माल पोहोचवणारा, कॅब चालवणारा किंवा एखाद्या कार्यालयातील डेटा एन्ट्री करणारा होण्याची. अशांची वस्ती कात्रज, धनकवडी, नऱ्हे, धायरी, वारजे या पुण्याच्या दक्षिण आणि नैऋत्य कडेला दिसते. तिसरी वाट पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांची, जेथे राज्य लोकसेवा आयोग, तलाठी, पोलीस, वनरक्षक अशा परीक्षांची तयारी वर्षानुवर्षे चालते आणि मधल्या काळात पहिल्या दोन वाटांवरची फुटकळ कामे केली जातात. जो तरुण गाव न सोडता दररोज मोटारसायकलवरून किंवा एसटीने कारखान्यात ये-जा करतो, तो जनगणनेच्या व्याख्येत स्थलांतरित ठरत नाही; तरीही त्याचे काम, त्याचा मालक आणि त्याची अडचण स्थलांतरितासारखीच असल्याने या विषयाच्या अभ्यासातून त्याला वगळता येणार नाही.

तिसऱ्या वाटेवरील गर्दी किती आहे, हे राज्याच्या भरतीवरून स्पष्ट होते. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या सुमारे साडेचार हजार पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, तर २०२४ मध्ये पोलीस दलातील सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले आणि अर्जदारांत बारावीच्या अटीपेक्षा कितीतरी अधिक शिकलेले उमेदवार होते. राष्ट्रीय चित्रही याला पुष्टी देते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्थेने प्रसिद्ध केलेल्या भारत रोजगार अहवाल २०२४ नुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते ३.४ टक्के होते. केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीने निम्म्याहून अधिक पदवीधर त्यांच्या अर्हतेपेक्षा खालच्या पातळीच्या कामांत असल्याचे नोंदवले. या दोन अहवालांचा एकत्रित अर्थ असा, की पदवीधर प्रथम योग्य कामाची वाट पाहतो, आणि घरची ऐपत संपली की मिळेल ते काम पत्करतो. बेकारी ही त्याची पहिली अवस्था असते आणि न्यूनरोजगार ही दुसरी, जी पुष्कळदा शेवटची ठरते.

असे का घडते, याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवले, की मालकाला उमेदवाराची खरी क्षमता दिसत नसते आणि म्हणून तो पदवीकडे क्षमतेची खूण म्हणून पाहतो. परंतु सर्वांकडेच पदवी आली की ती खूण निरुपयोगी होते, मालक इंग्रजी संभाषण, महाविद्यालयाचे नाव, शहरातील ओळख अशा दुसऱ्या खुणा शोधतो, आणि या खुणा खोऱ्यातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या तरुणाकडे कमी असतात. यातून एकाच कामासाठी मागितली जाणारी अर्हता वाढत जाते आणि बारावीला मिळणारी कारकुनी पदवीधराकडे जाते. दुसरे कारण कंत्राटी पद्धतीत आहे. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये वर्षभरात २४० दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा अखंड मानण्याची तरतूद होती. ती लागू पडू नये म्हणून काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची रीत रूढ झाली, आणि ज्या कामगाराला वर्षातून एकदा तरी कामावरून उतरावे लागते त्याला शिकवण्यावर कोणताही मालक खर्च करत नाही. तिसरे कारण हॅरिस आणि टोडारो यांनी १९७० मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून कळते. स्थलांतर करणारा शहरातील आजच्या मजुरीपेक्षा उद्या मिळू शकणाऱ्या चांगल्या नोकरीच्या शक्यतेकडे पाहून निघतो, आणि पुण्यापासून सुमारे पन्नास-साठ किलोमीटरवरच्या भोर-वेल्ह्यातून ही शक्यता आजमावण्याचा खर्च इतका कमी वाटतो, की निराशा झाली तरी परत फिरण्याचा निर्णय लांबत राहतो.

परदेशस्थ मराठी कुटुंबांचा अनुभव येथे उपयोगी पडतो, कारण तेथे हाच प्रश्न अधिक ठळकपणे अभ्यासला गेला आहे. भारतातील डॉक्टर, वकील किंवा अभियंता कॅनडा अथवा अमेरिकेत गेल्यावर त्याच्या पदवीला स्थानिक परवाना मंडळाची मान्यता लागते, स्थानिक अनुभवाची अट येते, आणि दरम्यान त्याला पात्रतेखालची कामे करावी लागतात. एच-४ व्हिसावर पतीबरोबर गेलेल्या उच्चशिक्षित स्त्रियांना तर अमेरिकेत कामाचा हक्कच नव्हता, आणि २०१५ मध्ये त्यांतील काहींना तो मिळाला. अमेरिकेतील मायग्रेशन पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या २०१६ च्या अभ्यासाने सुमारे २० लाख महाविद्यालयीन पदवीधर स्थलांतरित, म्हणजे जवळपास चारातला एक, बेकार किंवा अल्पकौशल्याच्या कामात असल्याचे सांगितले आणि केवळ खालच्या कामात अडकलेल्यांची बुडालेली वार्षिक मिळकत ३९.४ अब्ज डॉलर, तर सरकारांचा बुडालेला कर १०.२ अब्ज डॉलर इतका काढला. या अभ्यासाचे महत्त्व त्यातील आकड्यांइतकेच त्याच्या पद्धतीत आहे, कारण त्याने एक साधा प्रश्न विचारला, की हीच माणसे त्यांच्या शिक्षणाला साजेशा कामावर असती तर त्यांनी किती कमावले असते आणि सार्वजनिक तिजोरीत किती भर पडली असती. हाच प्रश्न भोर-वेल्ह्याच्या पदवीधरांबद्दल विचारला गेला पाहिजे.

तो विचारला तर किंमत अनेक पदरी असल्याचे दिसते. सर्वांत वरचा पदर बुडालेल्या मिळकतीचा आहे. केवळ हिशेबाची रीत समजण्यासाठी असे गृहीत धरावे, की एखाद्याला त्याच्या शिक्षणाला अनुरूप काम मिळते तर महिना २५ हजार रुपये मिळाले असते आणि प्रत्यक्षात १५ हजार मिळतात. मग वर्षाला १ लाख २० हजार आणि दहा वर्षांत व्याज न धरताही १२ लाख रुपये एका कुटुंबाच्या हातून जातात, आणि डोंगरी शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम घर, औषधपाणी आणि पुढच्या पिढीचे शिक्षण यांची असते. दुसरा पदर कौशल्य गंजण्याचा आहे. ओरेओपोलस, फॉन वाख्टर आणि हाइझ यांनी कॅनडातील पदवीधरांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले, की मंदीच्या काळात बाहेर पडलेल्यांची मिळकत जवळपास दहा वर्षे मागे राहते. पहिले काम चुकीचे मिळाले की त्याचा परिणाम पहिल्या पगारापुरता राहत नाही. तिसरा पदर ढकलण्याचा आहे. पदवीधर हेल्परच्या जागेवर आला, की दहावी झालेला त्याच्या खाली सरकतो, आणि तोही सरकला, की शाळा अर्धवट सोडलेल्या कातकरी किंवा धनगर वस्तीवरील तरुणाला रोजंदारीखेरीज काही उरत नाही. म्हणजे शिकलेल्यांच्या न्यूनरोजगाराची सर्वांत जड किंमत अखेर न शिकलेल्यांना मोजावी लागते, आणि ही गोष्ट कोणत्याही पदवीधराच्या मिळकतीचा हिशेब मांडून दिसत नाही.

चौथा पदर गावाचा आहे. मुंबईच्या पिढीचा पैसा मनिऑर्डरने गावी येत असे, कारण कुटुंब गावी असे आणि खर्च खोलीपुरता असे. आजच्या कंत्राटी पगारातून शहरातील भाडे, खानावळ, मोटारसायकलचा हप्ता आणि परीक्षांची फी भागवून गावी पाठवण्याजोगे फारसे उरत नाही, आणि कित्येकदा पैशाची दिशाच उलटी होऊन म्हातारे आईवडील दुधाचे किंवा भाताचे पैसे मुलाला पाठवतात. लावणीला हात मिळत नसल्याने खाचरे पडीक राहतात आणि पडीक जमीन शेतघरांसाठी विकली जाते. लहान शाळांचा पट घटतो. पानशेत येथे कमी पटाच्या शाळांऐवजी उभारलेली समूह शाळा २०२३ मध्ये राज्य सरकारने इतरांसाठी नमुना म्हणून पुढे केली, हा या लोकसंख्याघटीचाच एक परिणाम होय. शिक्षक होण्यासाठी शिकलेले तरुण शहरात सुरक्षारक्षक आणि त्यांच्या गावची शाळा विद्यार्थ्यांअभावी बंद, या दोन गोष्टी एकाच प्रक्रियेची दोन टोके आहेत.

स्त्रियांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यांचा न्यूनरोजगार दुहेरी झाकलेला असतो. भारताच्या जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह असे नोंदले जाते. त्यामुळे भोरहून लग्न होऊन धायरीला आलेली वाणिज्य पदवीधर स्त्री कामासाठी आलेली मानली जात नाही, तिने मागे सोडलेले किंवा न मिळवलेले काम कोणत्याही तक्त्यात उमटत नाही. घरच्या दुकानात विनावेतन मदत केली तर श्रमशक्ती पाहणी तिला रोजगारात धरते, आणि घरी शिकवण्या, शिवणकाम किंवा पॅकिंग केले तरी ती रोजगारातच मोजली जाते. तिच्या पदवीचा आणि तिच्या कामाचा संबंध कोणी विचारत नाही, आणि हा प्रश्न न विचारणे हेच तिच्यावरील अन्यायाचे सर्वांत सुसह्य वाटणारे रूप आहे.

मोजणीचा मुद्दा म्हणूनच मध्यवर्ती ठरतो. २०१७ पासून चालणाऱ्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीत चालू साप्ताहिक स्थितीच्या निकषानुसार आठवड्यात एक तास काम केलेली व्यक्तीही रोजगारात गणली जाते, आणि दुय्यम स्थितीच्या निकषात वर्षातील तीस दिवसांचे काम पुरते. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी हे निकष आवश्यक असले, तरी त्यांतून बी.एस्सी. झालेल्या माणसाने कोणते काम केले हे धोरणकर्त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. जानेवारी २०२५ पासून या पाहणीत जिल्हा हा मूलभूत घटक मानला गेला ही स्वागतार्ह सुधारणा होय. परंतु ज्या जिल्ह्यात हिंजवडी आणि वेल्हे एकत्र येतात, त्या जिल्ह्याची सरासरी वेल्ह्याबद्दल काहीही सांगत नाही. पुण्यातच १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची घरोघर सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा हिशेब मांडला. प्रश्न जवळ जाऊन मोजण्याची ही परंपरा ज्या जिल्ह्यात जन्मली, तेथे शिकलेल्या स्थलांतरितांची तालुकानिहाय पाहणी होणे अशक्य नाही.

या विषयावर घेतले जाणारे दोन आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. पहिला असा, की कोणतेही काम हलके नसते आणि पदवीधराने सुरक्षारक्षक होण्यात कमीपणा मानू नये. श्रमाची प्रतिष्ठा हे मूल्य महाराष्ट्राने मनापासून स्वीकारलेले आहे आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने तर श्रमाच्या जोरावर शिक्षण घेणाऱ्या पिढ्या घडवल्या. पण तेथे श्रम शिक्षणाकडे नेत होते, येथे शिक्षण घेऊन माणूस असुरक्षित श्रमाकडे ढकलला जातो, आणि आक्षेप कामाच्या प्रतीवर नसून त्या कामातील मजुरी, शाश्वती आणि शिकण्याची संधी यांच्या अभावावर आहे. दुसरा आक्षेप असा, की मुळात इतक्या पदव्याच नकोत. हा आक्षेप नेहमी दुसऱ्यांच्या मुलांबद्दल घेतला जातो. शहरी मध्यमवर्गाने स्वतःच्या मुलांचे शिक्षण कमी करण्याचा विचार कधी केलेला नाही, आणि डोंगरी तालुक्यातील पहिल्या पदवीधर पिढीला थांबायला सांगणे म्हणजे व्यवस्थेच्या दोषाची शिक्षा तिला देणे होय.

उपायांची दिशा या कारणांतूनच निघते. रोजगार हमी योजनेने, जी वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून १९७२ च्या दुष्काळात विस्तारली आणि जिच्यासाठी १९७७ मध्ये कायदा झाला, अंगमेहनतीचे काम मागणाऱ्याला ते देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. शिकलेल्यांसाठी अशी हमी नाही, आणि २०२४ मधील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने पदवीधराला दिलेले महिना १० हजार रुपयांचे विद्यावेतन ठरावीक मुदतीचे असल्याने मुदत संपल्यावरचा प्रश्न तसाच राहतो. महामार्गावरील कारखाने आणि भोरच्या शैक्षणिक संस्था यांच्यात अभ्यासक्रमाचाच भाग असलेली, मोबदला देणारी आणि शेवटी प्रमाणपत्रासह नोकरीचा विचार बंधनकारक करणारी शिकाऊ उमेदवारी उभी राहू शकते. जर्मनीने २०१२ मध्ये परदेशी व्यावसायिक अर्हता पारखण्याची कायदेशीर प्रक्रिया घालून दिली. कंत्राटी कामात वर्षानुवर्षे शिकलेले कौशल्य तपासून त्याला मान्यता देण्याची तशीच विश्वासार्ह सोय शिरवळ आणि चाकणमधील कामगारालाही हवी. शिवाय शिकलेल्यांसाठी खोऱ्यांतच काम आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांत राजगड आहे. त्याचे जतन, अभ्यास आणि पर्यटन यांसाठी इतिहास, भूगोल व स्थापत्य शिकलेल्यांची, भाताच्या स्थानिक वाणांसाठी कृषी पदवीधरांची, आणि धरणांच्या पाणलोटाच्या संरक्षणासाठी विज्ञान शिकलेल्यांची गरज आहे. ज्या शहरांना आणि शेतीला हे पाणी मिळते, त्यांनी या कामांचा खर्च उचलणे न्याय्य ठरेल.

पुढील जनगणना २०२७ मध्ये होत आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातून बाहेर गेलेल्या शिकलेल्या तरुण-तरुणींची शिक्षण, काम, करार आणि मिळकत यांसह नोंद ठेवली, महाविद्यालयांनी आपल्या पदवीधरांचा पाच-दहा वर्षे माग घेतला आणि सरकारने जनगणनेतील शिक्षण व व्यवसाय यांचे तालुकानिहाय तक्ते वेळेवर प्रसिद्ध केले, तर या विषयाचा पुढचा अभ्यास अंदाजावर उभा राहणार नाही. भोर-वेल्ह्याच्या कुटुंबांनी त्यांच्या वाट्याची गुंतवणूक केली आहे. तिचा हिशेब मांडणे आणि तिचा परतावा मिळेल अशी व्यवस्था उभी करणे ही आता राज्याची, उद्योगांची आणि विद्यापीठांची जबाबदारी आहे.